एकाच निर्णयावर दोन तास: राजकारण आणि धोरणावरची लांब मुलाखत कशी घ्यायची (ऊस-पाण्याचं उदाहरण धरून)

मराठीत आता लांब गप्पांचे व्हिडिओ आणि पॉडकास्ट भरपूर झालेत, दीड तास, दोन तास, कधी तीन तास, आमदार येतात, निवृत्त अधिकारी येतात, शेतकरी संघटनांची माणसं येतात, आणि सगळं ऐकून झाल्यावर हातात काय उरतं तर बालपण, संघर्ष, पहिली निवडणूक, चार किस्से आणि शेवटी तरुणांना संदेश. याचं मला खरंच वाईट वाटतं. टीव्हीवर आठ मिनिटांत जे विचारताच येत नाही ते विचारायला आपल्याला अखेर जागा मिळालीय, आणि ती आपण किश्श्यांत घालवतोय.

म्हणून हा लेख. ज्यांना राजकारण, समाज, सरकारी धोरणं यांवर नीट बोलणं रेकॉर्ड करायचंय, मग ते यूट्यूबसाठी असो, गावातल्या वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी असो की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, त्यांच्यासाठी. माझं म्हणणं एकच आहे: वेळ जास्त मिळाला म्हणून विषय वाढवू नका. एक निर्णय पकडा आणि तो तळापर्यंत खणा.

२०१८ मध्ये पुण्यात राज ठाकरेंनी शरद पवारांची जाहीर मुलाखत घेतली होती, आठवत असेल. त्यातलं लोकांना काय लक्षात राहिलं? शेवटच्या झटपट प्रश्नांतलं "उद्धव की राज?" आणि त्यावर आलेलं "ठाकरे कुटुंबीय" हे उत्तर. पण त्याच मुलाखतीत पवार आरक्षण आर्थिक निकषावर असावं असंही बोलले होते, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथून सुरू होत होता: हे कधीपासून वाटतं, सत्तेत असताना कुठल्या बैठकीत मांडलं, कोणाचा विरोध झाला. लांब मुलाखतीचं काम ते.

आधी निर्णय निवडा, विषय नाही

"ऊस आणि पाणी" हा विषय झाला, यावर कोणीही दोन तास बोलू शकतो आणि काहीच न सांगता उठू शकतो. निर्णय म्हणजे ज्याला तारीख आहे, कागद आहे, सही आहे, आणि ज्यामुळे कोणाचा तरी फायदा झाला नि कोणाचं तरी नुकसान. ऊस-पाण्यातच असे तीन निर्णय लगेच सापडतात. २१ फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय, ज्यात एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन टप्प्यांत द्यायची सोय केली होती आणि जो २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. २०१७ चा उसाला ठिबक सक्तीचा मंत्रिमंडळ निर्णय. आणि नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा निर्णय, जो कमी पावसाच्या वर्षी परत परत घ्यावा लागतो.

पुढे मी पहिला धरून चाललोय, पण पायऱ्या कुठल्याही विषयाला लागू होतात, मग तो शाळांचं समायोजन असो की शहरातला पुनर्विकास.

कागद गोळा करा, आणि हे पाहुण्याला फोन करायच्या आधी

क्रम महत्त्वाचा आहे. पाहुण्याची तारीख आधी घेतली की कागद वाचायचे राहतात, आणि मग समोरचा जे सांगेल ते "अच्छा, अच्छा" करत ऐकावं लागतं.

राज्य सरकारचे शासन निर्णय, म्हणजे जीआर, सरकारच्या वेबसाइटवर मराठीतच मिळतात, विभाग आणि तारीख टाकून शोधता येतात. पूर्ण वाचा, विशेषतः "प्रस्तावना" वाचा, कारण निर्णयाचं सरकारी कारण तिथे लिहिलेलं असतं आणि मुलाखतीत पाहुणा बहुतेक वेळा वेगळंच कारण सांगतो. हा फरक म्हणजे तुमचा पहिला चांगला प्रश्न. त्यानंतर विधिमंडळाच्या कामकाजात त्या विषयावर तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना झाली का ते बघा, मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं उत्तर हातात असेल तर "मी असं म्हणालोच नव्हतो" हा मार्ग बंद होतो. कोर्टाचा निकाल असेल तर तोही, निदान शेवटची काही पानं.

उसाच्या बाबतीत अजून दोन जागा. पुण्यात शिवाजीनगरला साखर संकुलात साखर आयुक्तालय आहे, गाळप (किती ऊस गाळला), उतारा (उसातून किती टक्के साखर निघाली) आणि थकीत एफआरपी यांचे कारखानानिहाय आकडे तिथून येतात. दुसरी जागा म्हणजे कारखान्याचा वार्षिक अहवाल. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी तो सभासदांना मिळतो, त्यामुळे तुमच्या ओळखीत एखादा सभासद असेल तर त्याच्या घरात मागच्या पाच वर्षांचे अहवाल माळ्यावर पडलेले असण्याची शक्यता मोठी. त्यात तोडणी-वाहतुकीचा प्रतिटन खर्च, साखर उतारा, कर्ज, ठेवी सगळं असतं. मला हा कागद कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण चेअरमन आपल्याच सहीच्या अहवालातला आकडा नाकारू शकत नाही.

जे मिळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांच्या आत ठेवायचा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर अर्धवट आलं तर पहिलं अपील करावं लागतं, म्हणून मुलाखतीच्या निदान दोन-अडीच महिने आधी अर्ज टाका. "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, अमुक तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त, अमुक फाइलवरच्या टिपण्या, असं नेमकं मागा.

हिशोब स्वतः मांडून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळी मुलाखत तिथेच हरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, पण ती १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. म्हणजे समजा एखाद्या कारखान्याचा उतारा १२ टक्के आहे, तर १.७५ टक्के जास्त, म्हणजे साडेसतरा वेळा ३.४६, म्हणजे साधारण साठ रुपये पंचावन्न पैसे, एकूण क्विंटलला ४१५ रुपये ५५ पैसे, टनाला ४१५५ च्या वर. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. समजा ती टनाला ९०० धरली तर शेतकऱ्याच्या खात्यावर ३२५५ च्या आसपास यायला पाहिजेत.

आता कायदा बघा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. आणि २०२२ च्या जीआरमध्ये काय होतं, तर आधी ठरवून दिलेल्या पायाभूत उताऱ्यावर पहिला हप्ता, आणि हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उतारा काढून उरलेले पैसे. म्हणजे जास्त उताऱ्याच्या भागातल्या शेतकऱ्याचे टनामागे काही शे रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे राहणार. हे गणित वहीत एकदा केलंत की तुमचा प्रश्न "शेतकऱ्यांवर अन्याय झाला का?" असा राहत नाही. तो असा होतो: "तुमच्या कारखान्याने त्या हंगामात इतकं गाळप केलं, उतारा इतका होता, म्हणजे एवढे कोटी रुपये महिनोन्महिने तुमच्याकडे राहिले, त्या पैशाचं तेव्हा काय केलंत?"

दुसऱ्या बाजूचा हिशोबही तेवढ्याच मनापासून मांडा, नाहीतर मुलाखत फिर्यादीच्या वकिलाची होते. साखरेची किमान विक्री किंमत केंद्राने २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केली, पुढे एफआरपी वाढत गेली आणि ही किंमत बरीच वर्षं तिथेच राहिली. साखर वर्षभर हळूहळू विकली जाते, शेतकऱ्याचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, म्हणून साखर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढायचं आणि त्यावर व्याज भरायचं. ही अडचण खरी आहे. ती तुम्हीच आधी मांडलीत तर चेअरमन सैलावतो, कारण त्याला कळतं की समोरच्याने अभ्यास केलाय.

एक सावधगिरी. "चार टक्के जमिनीवरचा ऊस सत्तर टक्के पाणी पितो" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. असा मुद्दा केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालात आलेला आहे, पण तो सिंचनाच्या पाण्याबद्दल आहे, राज्यातल्या सगळ्या पाण्याबद्दल नाही, आणि तो जुना आहे. आकडा वापरायचा तर कशाचे टक्के आणि कुठल्या वर्षीचे हे सांगूनच वापरा.

कोणाशी आधी बोलायचं

एका निर्णयावर निदान तीन माणसं. ज्याने निर्णय घेतला किंवा घ्यायला लावला, ज्याने तो राबवला, आणि ज्याच्यावर तो येऊन पडला. आणि क्रम उलटा ठेवा. आधी शेतकरी किंवा कामगार, मग अधिकारी, शेवटी नेता. नेत्याची मुलाखत आधी झाली की त्याचीच भाषा तुमच्या डोक्यात बसते आणि पुढच्या दोघांना तुम्ही नकळत त्याचेच प्रश्न विचारता.

निवृत्त अधिकारी हा सगळ्यात दुर्लक्षित पाहुणा आहे. जायकवाडीचं उदाहरण घ्या: २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आहे, २०१३ च्या मेंढेगिरी समितीने सूत्र दिलं, त्या सूत्राप्रमाणे ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचा प्रश्न उभा राहतो, २०२३ मध्ये साडेआठ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास पाणी सोडायचा आदेश निघाला. हे सगळं नेते सभेत सांगतात. पण मुळा, दारणा, गंगापूर या वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यातलं नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, प्रत्यक्ष किती पोचतं, वाटेत नदीवरच्या मोटारी बंद ठेवायला वीज कशी तोडतात, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या कोण काढतं, हे पाटबंधारे खात्यातला निवृत्त शाखा अभियंताच सांगू शकतो, आणि त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं.

फोनवर काय ठरवायचं

विषय स्पष्ट सांगा, "तुमच्या प्रवासाबद्दल बोलू" असं सांगून बोलावून एफआरपीवर आणू नका, ती फसवणूक आहे आणि पुढच्या वेळी कोणी येणार नाही. प्रश्नांची यादी मात्र आधी पाठवू नका, मुद्दे पाठवा. ज्या कागदांवरून विचारणार ते कागद पाठवायला हरकत नाही, उलट पाठवाच, म्हणजे "बघून सांगतो" म्हणायला जागा राहत नाही. एडिट आधी दाखवणार नाही, पण तथ्याची चूक दाखवलीत तर दुरुस्त करू, हेही तेव्हाच बोलून घ्या. संमती कॅमेऱ्यावर रेकॉर्ड करा.

आणि हाक काय मारायची ते ठरवून जा. आपल्याकडे दादा, आबा, अण्णा, भाऊ, साहेब ही हाक तोंडात बसलेली असते, आजूबाजूला बसलेले कार्यकर्तेही तशीच मारतात. दर वाक्याला "साहेब" म्हटलं की पुढचा कठीण प्रश्न घशातून बाहेर येत नाही. सुरुवातीला एकदा मानाने नाव घ्या, नंतर सरळ "तुम्ही". शक्य असेल तर कार्यकर्त्यांना दुसऱ्या खोलीत चहाला बसवा, ते हसायला आणि माना डोलवायला बसले की नेता त्यांच्यासाठी बोलायला लागतो.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात

चित्र साधं चालेल, आवाज चांगलाच हवा. दोघांना वेगळे माईक, दोन वेगळे ट्रॅक, शिवाय बाजूला एक फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवायचा. कडक इस्त्रीच्या खादीच्या सदऱ्यावर कॉलर माईक लावला की सारखी खसखस येते, तिथे टेबलावरचा माईक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. पंखा बंद, फ्रिज बंद. मळ्यातल्या घरी असाल तर मोटार आणि लाइट यायची वेळ विचारून घ्या. सुरू करण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा, एडिटला लागतो.

आता प्रश्न

पहिला प्रश्न जन्मगावावर नको. निर्णयाच्या दिवशी न्या. "२१ फेब्रुवारी २०२२ ला हा जीआर निघाला, त्याच्या आधीच्या महिन्यात तुम्ही कोणाकोणाशी यावर बोललात?" माणूस आठवायला लागतो, आणि आठवणारा माणूस भाषण करत नाही. बालपण, घर, पहिला ऊस हे सगळं नंतर येऊ द्या, जेव्हा त्याचा निर्णयाशी संबंध लागेल तेव्हा. प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहिला तो १९५० च्या सुमारास, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या प्रयत्नातून, आणि तिथून पुढे कारखाना म्हणजे गावाचं कॉलेज, दवाखाना, पतपेढी, निवडणूक सगळंच झालं. बागायतदाराला जिरायतदारापेक्षा मान जास्त, सोयरीक जमवताना पाणी किती आहे हे विचारलं जातं. ही संस्कृती समजल्याशिवाय "पाणी कमी आहे तर ऊस का लावता?" हा प्रश्न शहरी आणि उर्मट वाटतो. तोच प्रश्न असा विचारून बघा: "उसाऐवजी तूर-सोयाबीन लावलं तर घरात नेमकं काय बदलेल?" हमखास विकलं जाणारं पीक, कारखान्यावरून मिळणारी उचल आणि खत, सोसायटीचं कर्ज, पोरांची फी, सगळी साखळी आपोआप बाहेर येते.

मी वापरतो ते काही प्रश्न असे. दुसरा पर्याय कुठला होता आणि तो का टाकला? या निर्णयाने तुमच्याच माणसांतलं कोण नाराज झालं? फाइलवर कोणाचा विरोधी शेरा होता का? हे विरोधी पक्षाच्या सरकारने केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? हा शेवटचा प्रश्न महाराष्ट्रात फार उपयोगी आहे, कारण गेल्या काही वर्षांत बहुतेकांनी दोन्ही बाजू बघितल्यात. पण पक्ष का बदलला यावर अर्धा तास घालवू नका, त्याचं ठरलेलं उत्तर असतं. पक्ष बदलल्यावर एफआरपीबद्दलची भूमिका बदलली का, आणि बदलली असेल तर कुठल्या माहितीमुळे, एवढंच विचारा.

उत्तर मोठ्या शब्दांत आलं की त्याला खाली उतरवा. "शेतकऱ्याचं हित जपलं" असं म्हणाले की "म्हणजे टनाला किती रुपये?" "सर्वांना विश्वासात घेतलं" म्हणाले की "कोणाला, कुठल्या बैठकीत?" आवाज चढवायचा नाही, मान तिरकी करायची नाही, त्याच सुरात विचारायचं. उत्तर टाळलं तर एकदा परत विचारा, थोडे शब्द बदलून. तिसऱ्यांदा विचारू नका, ऐकणाऱ्याला कळलेलं असतं. आणि उत्तर संपल्यावर लगेच पुढच्या प्रश्नावर उडी नको, तीन-चार सेकंद गप्प राहा. खूपदा खरं वाक्य त्यानंतर येतं, "खरं सांगू का" ने सुरू होणारं.

पाहुण्याने तुमचा आकडा चुकीचा म्हटला तर भांडू नका, कागद पुढे करा, तो वाचू दे, कॅमेरा चालू ठेवा. त्याचं बरोबर निघालं तर तिथेच मान्य करा आणि पुढचा प्रश्न त्याप्रमाणे बदला. साधारण तासाभराने दहा मिनिटं चहा, आणि त्या वेळात तुमच्या वहीत कुठले मुद्दे अर्धे राहिले ते बघा. चहाच्या वेळचं बोलणं रेकॉर्ड करायचं नाही. त्यात काही महत्त्वाचं आलं तर परत बसल्यावर "मघाशी म्हणालात ते सांगाल का?" असं उघड विचारा, नको म्हणाले तर सोडून द्या.

ऊसतोड कामगारांशी बोलताना

इथे सगळे नियम बदलतात, म्हणून वेगळं लिहितोय. नेत्याला कोंडीत पकडणं हे काम आहे, पण ज्याच्या डोक्यावर उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, आहे त्याला पकडण्यात काही शौर्य नाही. फडात जाऊन बोलू नका, तिथे टोळी आणणारा मुकादम असतो आणि कामाचा खाडा झाला की पैसे कापले जातात. दसऱ्याच्या पुढेमागे टोळ्या निघतात, हंगाम संपला की परत येतात, म्हणजे पावसाळ्यात बीड किंवा आजूबाजूच्या जिल्ह्यांत त्यांच्या स्वतःच्या घरी जाणं सगळ्यात चांगलं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक "कोयता", म्हणजे मजुरीचं एक एकक, धरतात, उचल बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते, म्हणून दोघांशी वेगवेगळं बोला. नाव, गाव, चेहरा, मुकादमाचं नाव यातलं काय दाखवायचं हे त्यांना विचारा आणि दाखवल्याने काय होऊ शकतं हे आधी समजावून सांगा.

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. या विषयावर बोलायचं असेल तर विचारणारी बाई असावी, कॅमेरा नसावा, आणि शरीराच्या तपशिलापेक्षा दवाखान्यात काय सांगितलं, पैसे कुठून आणले, नंतर काम किती दिवसांनी सुरू केलं हे विचारावं. तिथून परत धोरणावर येता येतं: समितीने सुचवलेल्यातलं त्यांच्या तांड्यावर, वस्तीवर काय पोचलं? हाच प्रश्न मग चेअरमनला आणि अधिकाऱ्यालाही विचारायचा, तिघांची उत्तरं शेजारी ठेवायची.

एडिट आणि प्रकाशन

कापाकापी करा, पण प्रश्न एका ठिकाणचा आणि उत्तर दुसऱ्या ठिकाणचं असं कधीही जोडू नका. उत्तर लहान केलंत तर त्यातली अट, "पण", "जर" कापलं गेलं नाही ना ते दुसऱ्या कोणाला तरी ऐकवून बघा. क्लिप काढताना निदान पूर्ण प्रश्न आणि पूर्ण उत्तर ठेवा. थंबनेलवर पाहुण्याने न उच्चारलेलं वाक्य अवतरणचिन्हात टाकायची जी पद्धत पडलीय ती मला अत्यंत चुकीची वाटते, त्यापेक्षा कमी व्ह्यूज बरे.

तिसऱ्या माणसावर आरोप झाला असेल, अमक्याने काटा मारला (वजनात फसवलं), तमक्याने पैसे खाल्ले, तर प्रकाशित करायच्या आधी त्या माणसाला लेखी विचारा आणि उत्तरासाठी वाजवी वेळ द्या. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि "पाहुणा बोलला, मी नाही" हे तुमचं संरक्षण नाही. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत असं काही टाकू नका.

व्हिडिओखाली मिनिटांप्रमाणे मुद्दे द्या आणि ज्या कागदांवरून प्रश्न विचारले ते स्कॅन करून जोडा, जीआरचा क्रमांक, तारीख, अहवालाचं पान. मुलाखत शब्दशः लिहूनही काढा, मशीनने काढली तरी माणसाने तपासायची, कारण "आडसाली", "खोडवा", "आवर्तन" असे शब्द मशीन हमखास बिघडवतं. मूळ न कापलेली फाइल दोन वेगळ्या डिस्कवर दोन वेगळ्या घरांत ठेवा. प्रकाशनानंतर पाहुण्याचा फोन येईल की अमुक भाग काढा, तेव्हा फोनवर हो-नाही करू नका, लेखी मागा, काय चूक आहे ते विचारा. तथ्य चुकलं असेल तर दुरुस्ती वर ठळक लावा. नुसतं "गैरसमज होतोय" असं असेल तर अजून अर्ध्या तासाची पुरवणी मुलाखत मागा आणि तीही त्याच पानावर जोडा.